टेकडी क्रमांक 718

चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या नैऋत्येला, ब्रदी नावाचं दाट जंगल आहे. तिथल्या एका टेकडीला धड नावही नाही. उंचीच्या आकड्यावरून तिला 718 म्हणतात. अमेरिकेला तिथे रडार बसवायचं होतं. मार्च 2007 मध्ये शेजारच्या त्रोकावेत्स या शंभरेक वस्तीच्या गावाने सार्वमत घेतलं आणि जवळपास एकमुखाने 'नको' म्हणून सांगितलं.

बेत असा होता: इराणहून क्षेपणास्त्र सुटलं, तर ब्रदीच्या रडारने त्याचा माग काढायचा आणि पोलंडमधल्या 10 क्षेपणास्त्रांपैकी एखाद्याने ते अवकाशातच टिपायचं. हे एक्स-बँड रडार. त्याची तरंगलांबी जेमतेम 3 सेंटिमीटर. लहर आखूड असली की झोत निमुळता ठेवता येतो, बारकावेही दिसतात. हे बारकावे गरजेचेच. अवकाशात हवेचा अडथळा नसतो, त्यामुळे शत्रूने सोडलेला पोकळ फुगासुद्धा बॉम्बच्या बरोबरीने धावतो. त्यातला खरा कोणता, हे ओळखण्यात खरी कसोटी. शिवाय अंतर दुप्पट झालं की परतणारा संकेत 16 पट क्षीण होतो. म्हणून झोत जबरदस्त लागतो.

गावकऱ्यांना या झोताचीच धास्ती. आता रडारच्या सूक्ष्मलहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. अगदी झोतातच उभं राहिलं तर शरीर तापेल, पण झोत रोखलेला असतो आभाळाकडे. माझ्या मते इथे भौतिकशास्त्र सरकारच्या बाजूने होतं.

पण गावाच्या मनात 1968 होतं. त्या साली आलेलं सोव्हिएत सैन्य 1991 पर्यंत हललं नाही. याच ब्रदीत, मीशोव्ह गावाजवळ, सोव्हिएत अण्वस्त्रांसाठी गुपचूप तळघरं बांधली गेली होती. मग पुन्हा परकी फौज कशाला? गंमत म्हणजे पंतप्रधान तोपोलानेक यांच्या बाजूची मंडळीही 1968 चाच दाखला देत: रशियाला दूर ठेवायचं, तर अमेरिकी सैनिक दारात हवेत. जनमत चाचण्यांत मात्र सुमारे दोन-तृतीयांश लोक विरोधात.

जुलै 2008 मध्ये प्रागला करारावर सह्या झाल्या. सिनेटने होकार दिला. 200 जणांच्या कनिष्ठ सभागृहात सरकारचं गणित जमेना, तेव्हा मार्च 2009 मध्ये करार मतदानाआधीच मागे घेतला गेला. आठवड्याभरात सरकारच पडलं. सप्टेंबरमध्ये ओबामांनी अख्खी योजना गुंडाळली.

2016 पासून ब्रदी संरक्षित वनक्षेत्र आहे. लष्कराची बंदी उठली, आता तिथे लोक सायकली घेऊन जातात.