मांडलं खूप, जपलं थोडं: कोल्हापूरच्या कलासंग्रहालयाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात आबालाल रहिमान यांचा विषय निघाला की कोटितीर्थाची गोष्ट निघतेच. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. आपला पाठीराखाच गेला म्हणून आबालालांनी स्वतःची चित्रं गाठोडी बांधून कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आलेला, संस्थानचा दरबारी चित्रकार झालेला हा माणूस रंकाळा, पंचगंगा आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला आणि १९३१ साली गेला. त्यांची उरलेली चित्रं पाहिली की आपण काय गमावलंय याचा अंदाज येतो.

या शहरात समकालीन कलेचं संग्रहालय हवं, हा विषय चित्रकारांच्या गप्पांत अधूनमधून येतो. एका छताखाली प्रदर्शनं, नाटकं, सादरीकरणं, मुलांची शिबिरं, पेठेतल्या माणसांना ओढून आणणारे कार्यक्रम, असं ते असावं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे बाहेरचं खूळ आहे. मला तसं वाटत नाही. यातली प्रत्येक गोष्ट कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी चालू होती, तीही बऱ्याचदा त्याच त्या माणसांच्या हातून. फक्त ती जपायची सोय कुणी केली नाही.

सुरुवात नाटकाच्या पडद्यापासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीत नाटक मंडळी गावोगाव फिरत तेव्हा राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता असे रंगवलेले पडदे त्यांच्याबरोबर गाडीतून जात. हे पडदे रंगवणाऱ्यांत आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या कोल्हापूरच्या चुलतभावांचं नाव मोठं होतं. पडद्याच्या कामात रंग सरसात कालवतात. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे समोर दिसतंय त्यावर विसंबून चालत नाही. उद्या सकाळी तो कसा दिसेल ते डोक्यात धरून आज कुंचला चालवायचा. शिवाय पाहणारा बसणार दूर, आणि उजेड दिव्यांचा. जवळून नुसते फटकारे वाटतात ते मागच्या रांगेतून खांब आणि कमानी दिसले पाहिजेत. ही विद्या कुठल्या वर्गात शिकवली जात नव्हती, ती कामावर शिकायची. म्हणून या भावांच्या आडनावाच्या जागी 'पेंटर' हा शब्द बसला आणि तोच कायम राहिला.

त्याच सुमारास शाहू महाराजांनी दोन वास्तू एकमेकींना पाठ लावून उभ्या केल्या. १९०२ साली ते युरोपला गेले होते. रोममधलं पुरातन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीसाठी तसं काही करायचं आलं, आणि खासबाग मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर सुरू झालं. एका बाजूला लाल मातीचा आखाडा, दुसऱ्या बाजूला संगीत नाटकाचा रंगमंच. मातीतून उठलेला माणूस आणि तिकीट काढून आलेला रसिक एकाच वाटेनं घरी जायचे. संग्रहालयाच्या भाषेत आज ज्याला लोकसहभाग म्हणतात, तो इथे बांधकामातच होता. पुढे १९५७ मध्ये या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेल्या, १९०८ मध्ये ललितकलादर्श मंडळी काढणाऱ्या आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेलेल्या या गायकनटाचं नाव त्याला शोभून दिसलं.

पडद्यावरून सिनेमाकडे जायला फार अंतर नव्हतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण सिनेमाचं त्यांचं स्वप्न बाबूरावांनी सोडलं नाही. परदेशी यंत्राच्या मागे न लागता विष्णुपंत दामले या साथीदाराला हाताशी घेऊन त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा बनवला. भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिकेनं हात दिला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला आणि तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या, त्याबद्दल त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. त्यांची नावं घेतल्याशिवाय हा इतिहास सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

बाबूरावांचं वेगळेपण असं की चित्र, शिल्प, पडदा, नेपथ्य, पोशाख, जाहिरात यांत त्यांनी भिंती घातल्याच नाहीत. सपाट पडदा सोडून त्यांनी घडीव सेट उभे केले. चित्रीकरणापूर्वी दृश्यांची रेखाटनं काढली. चित्रपटाची भित्तिपत्रकं स्वतः रंगवली. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत गणलं जातं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी पुराण सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली.

१९२९ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं. सहा वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांनी सिनेमा ही कलाच आहे असं मानून चित्रपटांचा वेगळा विभाग काढला आणि रिळं गोळा करायला लागले. १९३७ पासून व्हिक्टर डी'अमिको या शिक्षकाच्या हाती तिथलं कलाशिक्षण आलं, आणि मुलांना नुसतं 'पाहा' न सांगता हातात रंग द्यायचे, ही पद्धत तिथे रुळली. त्याच काळात आमच्याकडे 'सैरंध्री'ची रिळं कुठे होती? आज ती कुठेच नाहीत. 'सावकारी पाश'च्या मूकपटाचीही तीच गत. जानेवारी १९४८ मधल्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. करण्यात हे शहर न्यूयॉर्कच्या मागे नव्हतं. ठेवण्यात मात्र फार मागे पडलं.

ठेवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, रोमन घडणीची ब्राँझची समुद्रदेवाची मूर्ती सापडली आणि त्यातून संग्रहालय उभं राहिलं. ते पुढे टाऊन हॉलच्या इमारतीत गेलं. तिथे कोल्हापूरच्या चित्रकारांचं कामही आहे. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं स्वतःचं घर चित्रांसह शासनाला दिलं, त्याचं कलासंग्रहालय झालं. तिथली पावडर शेडिंगची चित्रं मुद्दाम जवळ जाऊन बघावीत. रंगाची रेघ ओढलेली नसते, कोरडी भुकटी कागदावर घासून, पुसून, पुन्हा बसवून धुकं आणि दरी उभी केलेली असते. पण ही दोन्ही ठिकाणं झालेलं दाखवतात. होत असलेलं दाखवायला शाहू स्मारक भवनाचं दालन आहे, आणि तिथे प्रदर्शन काही दिवस लागतं नि उतरतं.

देशात या बाबतीत वाट दाखवली ती भोपाळनं. दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये आणि त्याची मुंबईची शाखा १९९६ मध्ये सुरू झाली, पण तिथला भर प्रामुख्यानं चित्र-शिल्पावर. १९८२ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी तलावाच्या काठावर उतारात बांधलेलं भारत भवन उघडलं तेव्हा एकाच आवारात चित्रं, नाटक, संगीत आणि कविता आली. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी चित्रकारांची कामं शहरी चित्रकारांच्या बरोबरीनं टांगली, 'लोककला' म्हणून वेगळ्या खोलीत ठेवली नाहीत. नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंथ यांनी तिथे रंगमंडळ ही नाटकमंडळी उभी केली. तळं, चित्र, नाटक, खेड्यातला कलावंत. हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला स्वतःच्या गावाचं वर्णन वाचल्यासारखं होतं.

शिकवण्याची परंपरा मात्र इथे तुटली नाही, आणि मला तीच सगळ्यात मोठी शिल्लक वाटते. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांतून पिढ्या बाहेर पडल्या. रविवारी सकाळी रंकाळ्यावर जा. पोरं कठड्यावर बोर्ड टेकवून बसलेली असतात. कागद ओला केला जातो, आभाळाचा पहिला थर वरून खाली उतरतो, आणि फिरायला आलेला एखादा काका मागे उभा राहून सांगतो, "शालिनी पॅलेस जरा डावीकडं घे की रं." पोरगं पुसून पुन्हा काढतं. दालनात भिंतीवर लागलेल्या चित्राला असं कुणी सांगत नाही.

६ मे २०२२ ला सकाळी दहा वाजता शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त शंभर सेकंद अख्खं कोल्हापूर जागेवर थांबलं. सिग्नलवर गाड्या बंद झाल्या, दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. कलेच्या जगात अशा सामूहिक कृतीला सादरीकरण म्हणतात, त्यावर लेख लिहितात. इथे ते कुणाला शिकवावं लागलं नाही. स्मृतिशताब्दीच्या त्याच कृतज्ञता पर्वात बंद पडलेल्या शाहू मिल या कापडगिरणीचं आवार प्रदर्शनांसाठी उघडलं आणि घरची घरं मुलांना घेऊन तिथे गेली. लंडनमध्ये २००० साली बंद वीजकेंद्रात समकालीन कलेचं संग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून जगभर जुन्या गिरण्या-कारखान्यांकडे या नजरेनं बघितलं जातंय. शाहू मिलमध्ये शाहू महाराजांचं स्मारक करण्याची चर्चा बरीच जुनी आहे. कलासंग्रहालय त्या स्मारकाच्या पोटातच असायला हवं, कारण महाराजांनी या शहरात चित्रकार, पैलवान आणि गवई एकाच मायेनं सांभाळले.

मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. भिंती उभ्या होत्या, आतला रंगमंच, छप्पर, खुर्च्या राख झाल्या होत्या. बाहेर जमलेल्या गर्दीत रंगकर्मी होते तसे आयुष्यात एखादंच नाटक पाहिलेले लोकही होते, आणि दोघंही सारखेच रडत होते. नाट्यगृह पुन्हा बांधता येतं. पडदे, फोटो, हस्तपत्रकं, नाटकाच्या वह्या एकदा गेल्या की गेल्या.

म्हणून इमारतीची वाट न बघता एक काम आजच सुरू करता येईल. या गावात पडदे रंगवणाऱ्यांची, सिनेमाचे बॅनर चौकटी आखून मोठे करणाऱ्यांची, गणपतीचे देखावे उभारणाऱ्यांची घरं अजून आहेत. जी. कांबळे यांच्यासारखा पोस्टर रंगवणारा कलावंत याच मातीतला, ज्यांचं शिवाजी महाराजांचं चित्र पुढे शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. अशा घरांच्या माळ्यावर गुंडाळी करून ठेवलेलं कापड आहे, ट्रंकेत स्केचबुकं आहेत, आणि कोणता रंग कशात कालवायचा हे तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं आहेत. कापडाचा फोटो घ्यावा, माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, तारीख आणि नाव लिहून ठेवावं. शाहू मिलच्या भिंतीपासून कोटितीर्थ हाकेच्या अंतरावर आहे.