रताळ्याचे गोड काप : पोषणमूल्य

रताळ्याचे गोड काप म्हणजे रताळ्याच्या चकत्या तुपावर परतून, गूळ किंवा साखर घालून पाकात मुरवलेला पदार्थ होय. पुण्यातील घरांतून तो मुख्यतः महाशिवरात्र, आषाढी आणि कार्तिकी एकादशी अशा उपवासांच्या दिवशी केला जातो. या सणांच्या आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात करमाळा आणि बेळगाव परिसरातून रताळ्यांची आवक वाढते आणि मंडईतल्या गाळ्यांवर मातीने माखलेल्या गुलाबी रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. अमेरिकेत लोणी आणि तपकिरी साखर घालून असाच पदार्थ नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी करतात. त्याच्या 100 ग्रॅमपासून, कृतीनुसार, साधारण 140 ते 165 कॅलरी ऊर्जा मिळते. आपल्याकडचे काप किती पौष्टिक ठरतात, हे मात्र दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाकासाठी गूळ किती घेतला आणि रताळ्याच्या गराचा रंग कोणता आहे.

रताळे (आयपोमिया बटाटस) हे मूळचे अमेरिका खंडातील कंद असून बटाट्याशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते फार दूरचे आहे. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे 77 ग्रॅम पाणी, 20 ग्रॅम कर्बोदके, 3 ग्रॅम तंतुमय पदार्थ, दीड ग्रॅम प्रथिने आणि 337 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. स्निग्धांश जवळजवळ नसतोच. त्यातून 86 कॅलरी मिळतात. साल काढून उकडलेल्या रताळ्यात हे प्रमाण 76 कॅलरींपर्यंत उतरते, म्हणजे मूळ कंद हा हलका आहार आहे. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च असतो. त्याच्या शेजारी तंतू, पोटॅशियम आणि थोडेफार क जीवनसत्त्व देणारे रताळे उपवासाच्या ताटात निश्चितच सरस ठरते.

पाक पडला की गणित बदलते. चार माणसांसाठी पाव किलो सोललेली रताळी, 50 ग्रॅम गूळ आणि दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम तूप घेतले, तर रताळ्यांतून 215, गुळातून 190 आणि तुपातून 90 अशा जवळपास 495 कॅलरी होतात. यांतील निम्म्याहून जास्त ऊर्जा रताळ्याची नसून पाकाची आणि तुपाची असते. प्रत्येकाच्या वाटणीला साधारण 125 कॅलरी, 2 ग्रॅमच्या आत-बाहेर तंतू आणि केवळ 1 ग्रॅम प्रथिने येतात. काप तारेच्या पाकात बुडवून ठेवायचे म्हणून गूळ दुप्पट घेतला, तर तीच वाटी 170 कॅलरींवर जाते आणि वाढलेल्या ऊर्जेबरोबर पोषण काहीच वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. पहिल्या मापाने केलेल्या कापांच्या एका वाटीतच साडेबारा ग्रॅम गूळ येतो, दुसऱ्या मापाने पुरा 25 ग्रॅम; मग दिवसभराच्या चहाला आणि शिंगाड्याच्या शिऱ्याला जागाच उरत नाही.

गूळ वापरला म्हणजे काप पथ्याचे झाले, ही समजूत घरोघरी दृढ आहे आणि ती सोडायला हवी. गुळात लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे. पण एका वाटीतल्या साडेबारा ग्रॅम गुळातून मिळणारे लोह सुमारे 1 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते, तर प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची आहे. रक्तातील साखरेवर गुळाचा आणि साखरेचा परिणाम सारख्याच जातीचा होतो. गूळ चवीसाठी आणि खमंग रंगासाठी जरूर घालावा, औषध म्हणून नव्हे.

गोडवा कमी गुळातही आणता येतो, कारण तो कंदातच दडलेला असतो. रताळ्यात बीटा अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ते फुगलेल्या स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही साखर तयार करते. मोठ्या आचेवर हा टप्पा भरकन मागे पडतो आणि विकर निकामी होते. म्हणून जाड बुडाच्या कढईत तुपावर चकत्या पसराव्यात, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर त्या नखाने दाबल्या जातील इतक्या मऊ होऊ द्याव्यात. गूळ त्यानंतरच घालावा. आधी घातला तर तो कढईला लागतो आणि चकत्या आतून कडक राहतात. गूळ विरघळून काठ पारदर्शक दिसू लागले, पाक फोडींना चिकटला की वेलची घालून कढई उतरवावी. चिरल्यावर रताळ्यातून पांढरा चीक येतो आणि चकत्या हवेने काळवंडतात, त्यामुळे त्या पाण्यात ठेवण्याची पद्धत आहे. मात्र तासन्‌तास भिजत ठेवल्यास क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर वाया जाते. उष्णतेनेही त्याची काही घट होतेच.

तुपाची बाजू वेगळी आहे. अ जीवनसत्त्व ज्यापासून शरीरात बनते ते बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे नारिंगी रताळ्याबरोबर थोडे तूप असले तर ते अधिक चांगले शोषले जाते. येथे मोठा ‘पण’ आहे : मंडईत मिळणाऱ्या गुलाबी सालीच्या नेहमीच्या रताळ्याचा गर पांढरा किंवा फिकट पिवळा असतो आणि त्यात बीटा कॅरोटीन फारच थोडे असते. इंग्रजी पुस्तकांतून रताळ्याच्या अ जीवनसत्त्वाचे जे आकडे उचलले जातात, ते नारिंगी गराच्या जातींचे असतात. 100 ग्रॅम कच्च्या नारिंगी रताळ्यातून 700 मायक्रोग्रॅमच्या आसपास अ जीवनसत्त्व मिळते. आफ्रिकेत बालकांमधील या जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळी जात विकसित केली आहे. भू सोनाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 14 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते, तर भू कृष्णाचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. अशी रताळी पुणेरी स्वयंपाकघरांत रुळली, तर उपवासाच्या या पदार्थाला खऱ्या अर्थाने वजन येईल.

मधुमेह असणाऱ्यांनी पाकातले काप टाळून साधे उकडलेले रताळे, तेही बेताने, खावे. भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर उकडलेल्यापेक्षा जास्त वेगाने वाढते. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियमवर बंधन असेल, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय रताळे घेऊ नये. इतरांसाठी काप कशाबरोबर खाल्ले जातात, हे महत्त्वाचे आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि गोड काप अशा ताटात कर्बोदकांवर कर्बोदकेच चढतात. त्याऐवजी वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी आणि वाटीभर दही घेतले, तर 100 ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असणारे शेंगदाणे कापांतली उणीव भरून काढतात, आणि मग चार-पाच चकत्या पुरेशा होतात.