मॉडेलफॉर्म (जँगो)

डेटाबेसमधील तक्त्याची जी व्याख्या प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेली असते, तिच्यावरून वेबवर भरायचा फॉर्म आपोआप तयार करून देणारी जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कमधील (वेबसाइट बनवण्याच्या तयार चौकटीतील) सोय म्हणजे मॉडेलफॉर्म. फॉर्ममधले रकाने, त्यांची नावे, कोणता रकाना भरलाच पाहिजे, किती अक्षरे चालतील, चूक झाल्यास कोणता संदेश दिसेल आणि शेवटी भरलेली माहिती तक्त्यात कशी जाईल, हे सारे मॉडेलफॉर्म त्या व्याख्येकडून, म्हणजेच मॉडेलकडून, घेतो. अशी सोय इतर फ्रेमवर्कमध्येही आहे; पण तिचे फायदे आणि धोके जँगोत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसतात. म्हणून या नोंदीत मुख्यतः जँगोचाच विचार केला आहे.

गरज कशातून निर्माण झाली हे एका उदाहरणाने समजते. एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला सभासदांची नोंद ठेवायची आहे. तक्ता बनवताना प्रोग्रॅमरने ठरवलेले असते की नाव शंभर अक्षरांपर्यंत, जन्मतारीख ही तारीखच, ईमेल ऐच्छिक आणि शाखा ही दुसऱ्या तक्त्यातल्या शाखांपैकी एक. फॉर्म हाताने लिहायचा झाला तर हेच नियम एचटीएमएलमध्ये पुन्हा लिहावे लागतात, आलेली माहिती तपासताना तिसऱ्यांदा आणि तक्त्यात भरताना चौथ्यांदा. पुढे कोणी नावाची मर्यादा दीडशेवर नेली की चारही ठिकाणी बदल करावा लागतो आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाते. नियम एकदाच लिहावा आणि बाकीच्यांनी तो तिथून वाचावा, हा मॉडेलफॉर्ममागचा विचार आहे.

इतिहास

जँगोचा जन्म २००३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी तिथे ते घडवले आणि जुलै २००५मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. वृत्तपत्राच्या कामाची घाई या फ्रेमवर्कमध्ये अगदी सुरुवातीपासून उतरली आहे. बातमीदारांना माहिती भरायला पडदा आजच हवा असतो, म्हणून तक्ता लिहिला की संपादनाचे पान तयार, ही ॲडमिनची (जँगोतल्या तयार व्यवस्थापन-पानांची) कल्पना तिथे रुजली.

सुरुवातीला हे काम ‘मॅनिप्युलेटर’ करत. प्रत्येक मॉडेलला दोन मॅनिप्युलेटर आपोआप मिळत, एक नवी नोंद घालण्यासाठी आणि दुसरा असलेली बदलण्यासाठी. पण ते वापरणे जिकिरीचे होते. आधी चुका मागायच्या, मग मजकुराचे पायथनच्या मूल्यांत रूपांतर करायचे, मग जतन करायचे, आणि फॉर्म दाखवण्यासाठी वेगळे वेष्टन घालायचे. हा क्रम प्रोग्रॅमरनेच पाळायचा. २००७च्या ०.९६ आवृत्तीत ‘न्यूफॉर्म्स’ ही नवी लायब्ररी (तयार कोडचा संच) आली. त्यात मॉडेलवरून फॉर्म बनवणारी दोन फंक्शने होती, परंतु त्यांनी बनवलेल्या फॉर्ममध्ये एखादाच रकाना बदलायचा तर आडवळणाने जावे लागे. २००७च्या अखेरीस त्यांच्या जागी मॉडेलफॉर्म हा क्लास (ज्यावर आपला साचा बेतता येतो असा कोडचा साचा) आला आणि सप्टेंबर २००८च्या १.० आवृत्तीत तो स्थिरावला. फंक्शनऐवजी क्लास आल्याने मोठा फरक पडला. आपोआप मिळालेल्यातले नको ते बदलायचे आणि बाकीचे तसेच ठेवायचे, हे तेव्हापासून सोपे झाले.

रचना

प्रोग्रॅमर मॉडेलफॉर्मपासून आपला क्लास बनवतो आणि आत ‘मेटा’ नावाच्या छोट्या क्लासमध्ये दोन गोष्टी सांगतो : मॉडेल कोणते आणि त्यातले कोणते रकाने हवेत. प्रोग्रॅम सुरू होताना जँगो त्या मॉडेलच्या प्रत्येक फील्डला (तक्त्यातल्या एकेका स्तंभाच्या व्याख्येला) विचारते, ‘तुझा फॉर्ममधला रकाना दे.’ उत्तर फील्ड स्वतः देते. लहान मजकुराच्या फील्डकडून अक्षरमर्यादेसह मजकुराचा रकाना येतो, मोठ्या मजकुराकडून अनेक ओळींची चौकट, पर्याय ठरवून दिले असतील तर निवडयादी, दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या फील्डकडून त्या तक्त्यातल्या नोंदींची यादी. आपोआप वाढणारा क्रमांक आणि ‘संपादन नको’ अशी खूण केलेली फील्ड फॉर्ममध्ये येतच नाहीत. मॉडेलमध्ये ‘ब्लँक’ची परवानगी असेल तर रकाना ऐच्छिक होतो. इथे नवशिक्यांची गल्लत होते, कारण ‘नल’ हा वेगळा गुण आहे : तक्त्यातली जागा रिकामी राहू शकते का हे तो डेटाबेसला सांगतो, तर ‘ब्लँक’ फक्त तपासणीशी बोलतो.

माहिती आल्यावर तपासणी दोन पायऱ्यांत होते. आधी फॉर्म स्वतःचे रकाने तपासतो. मग आलेली मूल्ये मॉडेलच्या वस्तूत भरून तिला तिचे स्वतःचे नियम तपासायला लावतो. ही दुसरी पायरी २०१०च्या १.२ आवृत्तीपासून आहे. म्हणजेच तपासणी करतानाच वस्तू बदलते. तपासणी फसली तर ती वस्तू अर्धवट बदललेली असू शकते, म्हणून पुढे कशासाठीही वापरू नये.

जतन करताना ‘आत्ताच तक्त्यात लिहू नको’ असेही सांगता येते. सभासदाची नोंद कोणत्या कर्मचाऱ्याने केली हे फॉर्ममध्ये विचारायचे नसते, ते लॉग-इन केलेल्या सत्रावरून कळते. तेव्हा वस्तू हातात घ्यायची, कर्मचाऱ्याचे नाव भरायचे आणि मग ती जतन करायची. मात्र सभासदाने आवडीचे चार विषय निवडले असतील, तर त्या अनेक-ते-अनेक नात्यांसाठी (एका सभासदाचे अनेक विषय, एका विषयाचे अनेक सभासद) ‘सेव्ह-एमटूएम’ला वेगळी हाक मारावी लागते. ती विसरली तर कुठलीही चूक दिसत नाही, फक्त विषय हरवतात. अशा मुक्या चुका शोधायला सर्वांत अवघड.

कोणते रकाने द्यायचे

मॉडेलफॉर्ममधला सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. तक्त्यात काय मावते हे मॉडेल सांगते; ते भरायचा हक्क कोणाला आहे हे मॉडेलला ठाऊक नसते. सभासदाच्या तक्त्यात ‘अनामत भरली’ आणि ‘कर्मचारी आहे’ अशीही फील्ड असतील. सगळीच फील्ड फॉर्ममध्ये गेली तर कोणीही घरबसल्या स्वतःला कर्मचारी करून घेईल. पानावर रकाना लपवूनही उपयोग नाही, कारण सर्व्हरला पाठवायची माहिती ब्राउझरबाहेरूनही रचता येते.

हा धोका काल्पनिक नाही. मार्च २०१२मध्ये गिटहब या प्रोग्रॅमचा कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर एका संशोधकाने आपली सार्वजनिक किल्ली (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) नोंदवताना फॉर्ममध्ये नसलेला वापरकर्ता-क्रमांक पाठवला आणि रूबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कच्या अधिकृत कोड-भांडारात लिहिण्याचा हक्क मिळवून दाखवला. गिटहब रेल्सवर चालत होते आणि रेल्स तेव्हा आलेली सर्व मूल्ये मॉडेलमध्ये बिनदिक्कत भरू देत असे. पुढे २०१३च्या रेल्स ४.० आवृत्तीत परवानगी दिलेली मूल्येच स्वीकारण्याची पद्धत आली.

जँगोत फॉर्ममध्ये नसलेला रकाना स्वीकारलाच जात नाही, त्यामुळे तिथे दार वेगळ्या जागी उघडे होते. रकान्यांची यादी न देता मॉडेलफॉर्म लिहिला तर पूर्वी सगळी फील्ड घेतली जात. आज निरुपद्रवी असलेला फॉर्म, उद्या कोणी तक्त्यात नवे फील्ड घातले की तेही जगासमोर मांडत असे. म्हणून १.६ आवृत्तीपासून (२०१३) यादी देण्याची ताकीद मिळू लागली आणि १.८पासून (२०१५) यादीशिवाय मॉडेलफॉर्म चालेनासा झाला. ‘सगळे’ असे लिहिता येते, ‘हे सोडून बाकीचे’ असेही. पण दोन्हींत जुना धोका शिल्लक राहतो. हवे ते रकाने एकेक नावाने लिहिणे हीच योग्य पद्धत आहे. इथे वाचवलेली ओळ महागात पडते.

निवडयादीलाही हेच लागू आहे. शाखेच्या यादीत कोणत्या शाखा दिसाव्यात हे फॉर्म सुरू होताना वापरकर्त्यानुसार ठरवता येते, आणि आलेली शाखा त्याच यादीत आहे का हे जँगो सर्व्हरवर तपासते. त्यामुळे यादी आखडणे ही केवळ सजावट न राहता सुरक्षेची बाब होते. यादी मोठी असेल तर वेगळाच त्रास : पन्नास हजार पुस्तकांच्या तक्त्याकडे बोट दाखवणारे फील्ड पानात पन्नास हजार पर्याय ओतते. ॲडमिनमध्ये यासाठी २.० आवृत्तीपासून शोधून निवडायची सोय आहे.

रकान्यांची यादी आखडताना एक कोपरा मात्र उघडा राहतो. समजा, ‘शाखा आणि सभासद क्रमांक’ ही जोडी अद्वितीय असावी असा नियम आहे आणि शाखा फॉर्ममध्ये घेतलेली नाही. फॉर्मबाहेरच्या फील्डची तपासणी मॉडेलफॉर्म सोडून देतो, म्हणून जोडीचा नियमही तपासला जात नाही. फॉर्म ‘बरोबर’ म्हणतो, डेटाबेस नकार देतो आणि वापरकर्त्याला नम्र संदेशाऐवजी सर्व्हर कोसळल्याचे पान दिसते. अशा वेळी फॉर्मच्या ‘क्लीन’ पद्धतीत ती तपासणी हाताने लिहावी लागते.

इतर मार्ग

रेल्समधील ‘स्कॅफोल्ड’ फॉर्मची फाईलच लिहून देतो. ती लगेच वाचता आणि बदलता येते, पण मॉडेल बदलले की जुनी राहते. याच्या दुसऱ्या टोकाला रिचर्ड पॉसन यांची ‘नेकेड ऑब्जेक्ट्स’ पद्धत आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात २००४ साली त्यांनी तिच्यावर प्रबंध सादर केला. तीत संपूर्ण पडदाच प्रणालीतल्या वस्तूंवरून तयार होतो. मॉडेलफॉर्म या दोहोंच्या मध्ये आहे. फॉर्म चालत्या प्रोग्रॅममध्ये तयार होत असल्याने तो मॉडेलबरोबर बदलतो, आणि पानाची मांडणी मात्र लिहिणाऱ्याच्या हातात राहते.

मराठी मजकूर

जँगोबरोबर मराठी भाषांतर येते. मॉडेलमधल्या फील्डला मराठी नाव दिले की तेच फॉर्मवर उमटते, त्यामुळे मराठी फॉर्म बनवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. अक्षरमर्यादा मात्र जपून ठरवावी. ‘श्री’ वाचणाऱ्याला एक अक्षर वाटते. पायथन त्यात चार चिन्हे मोजते : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठेवलेली वीसची मर्यादा मराठी नावाला अपुरी पडते.

वेबपानाच्या पत्त्यात वापरायच्या ‘स्लग’ फील्डची अडचण मोठी आहे. मूळ स्थितीत ते देवनागरी घेतच नाही. युनिकोडची (सर्व लिप्यांच्या चिन्हांची) परवानगी दिली तरी तपासणीचा साचा पायथनच्या ‘शब्दातले अक्षर’ या व्याख्येवर बेतलेला आहे, आणि तीत काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. परिणामी ‘मराठी’ हा शब्द स्लग म्हणून नाकारला जातो, तर स्लग बनवणारे फंक्शन त्याचे ‘मरठ’ करते. यावर फॉर्ममध्ये वेगळा रकाना जाहीर करून भागत नाही, कारण दुसऱ्या पायरीत मॉडेल आपला नियम पुन्हा लावते. मॉडेलमध्येच साधे मजकुराचे फील्ड घ्यावे आणि त्याला देवनागरीची चिन्हे मान्य करणारा आपला तपासनियम जोडावा. त्या मॉडेलवरून बनणारे सगळे मॉडेलफॉर्म आणि ॲडमिनचे पानही मग तोच नियम पाळतात.