पार्श्वभूमी : प्रायमरी डिबेट आणि प्रेक्षकांचा ‘कौल’

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. 7 ऑगस्ट 2015 च्या सकाळी आमच्या घरी चहाला आधण ठेवलं होतं आणि तिकडे क्लीव्हलँडमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरी डिबेटसाठी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीआधीच्या जाहीर वादचर्चेसाठी, दहा इच्छुक रांगेत उभे होते. डिबेट संपायच्या आतच फोनवर एका संकेतस्थळाचा ‘कोण जिंकलं?’ असा पोल आला. मी एका नावावर बोट ठेवलं, मत नोंदलं गेलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तर पुन्हा मत देता आलं. पुण्यात बसलेल्या आणि तिथे मताचा अधिकार नसलेल्या माणसाची दोन मतं त्या आकड्यात जमा झाली. दुपारी आपल्याकडच्या एका बातमीत तोच आकडा ‘जनमत चाचणी’ या नावानं वाचला आणि चरकलोच. प्रेक्षकांना काय वाटलं हे मोजायचं कसं, हा प्रश्न त्या डिबेटहून बराच जुना आहे.

सुरुवात रेडिओपासून झाली. मे 1948 मध्ये ओरेगनच्या प्रायमरीआधी एकाच पक्षाचे दोन इच्छुक पोर्टलंडला एकाच विषयावर भिडले: कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी का? टीव्हीवरची पहिली प्रायमरी डिबेट 21 मे 1956 ला मायामीत झाली, आणि त्या दोघांचं बहुतेक मुद्द्यांवर एकमतच निघालं. चार वर्षांनी वेस्ट व्हर्जिनियात आणखी एक झाली. या तिन्हींबद्दल प्रेक्षकांचं म्हणणं पद्धतशीर गोळा केलेलं फारसं सापडत नाही. हरल्या-जिंकल्याचा निवाडा दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं करायची.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेबद्दलची सर्वांत गाजलेली गोष्ट प्रायमरीतली नाहीच, ती 1960 च्या केनेडी-निक्सन डिबेटची आहे. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात आजही शिकवतात. तिचा मुख्य आधार एक पाहणी. तिच्यात दोन हजारांहून थोडे जास्त लोक होते आणि रेडिओवर ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय त्या काळी रेडिओवर राहिलेली माणसं कोणत्या भागातली, कोणत्या विचारांची होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय तो निष्कर्ष टिकत नाही. 1976 चा अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड डिबेटमध्ये म्हणून गेले. त्याच रात्री फोन करून विचारलेल्या प्रेक्षकांना ते खटकलं नव्हतं, उलट फोर्डच जिंकले असं जास्त जणांनी सांगितलं. दुसरा दिवस उजाडला, बातम्यांनी ते वाक्य उचलून धरलं आणि संध्याकाळपर्यंत पारडं पूर्ण फिरलं. माणसांनी पाहिलं तेच, मत मात्र चोवीस तासांत बदललं.

प्रायमरीत हे असं फिरणं आणखी सोपं असतं. व्यासपीठावरचे सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ हा आधार प्रेक्षकाला नसतो. फेब्रुवारी 1980 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला एका शाळेच्या व्यायामशाळेत जे घडलं, ते याच कारणानं एवढं गाजलं. स्थानिक वर्तमानपत्रानं इच्छुकांपैकी फक्त दोघांना बोलावलं होतं, रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज बुश यांना. असा दोघांपुरता कार्यक्रम म्हणजे त्या दोघांना दिलेली बेकायदा देणगी ठरेल, अशी हरकत आल्यावर कॅलिफोर्नियाच्या माजी गव्हर्नरांच्या, म्हणजे रेगन यांच्या, प्रचारानं खर्च उचलला आणि उरलेल्यांपैकी चौघांनाही सभागृहात आणलं. त्यांना बोलू द्यावं म्हणून गव्हर्नर बोलायला लागले, तेव्हा सूत्रधार संपादकानं त्यांचा माइक बंद करायला सांगितलं. या मायक्रोफोनचे पैसे मी भरतोय, हे त्यांचं उत्तर तेव्हाचं. संपादकाचं नावसुद्धा त्यांनी चुकीचं घेतलं होतं, पण सभागृह उसळलं. देशातल्या बहुतेकांनी डिबेट पाहिलीच नाही, त्यांनी पाहिली ती बातम्यांतली काही सेकंदांची चित्रफीत. तीन दिवसांनी गव्हर्नरांना प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून जास्त मतं मिळाली. त्याआधीच ते पुढे सरकत होते असं मानणारेही आहेत, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

आता त्या शब्दाकडे येतो. मराठीत आपण ‘पोल’ म्हणतो तेव्हा निदान तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालतो: प्रत्यक्ष मतदान, नमुना पाहणी आणि संकेतस्थळावरचं बटण. पाहणीत विचारणारा माणूस उत्तर देणाऱ्याला निवडतो. बटणाच्या पोलमध्ये उत्तर देणारा स्वतःच स्वतःला निवडतो. सगळा फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे. हजार जणांची नीट निवडलेली पाहणी कोट्यवधी माणसांबद्दल काही सांगू शकते, पण पाच लाख क्लिक फक्त क्लिक करणाऱ्यांबद्दलच सांगतात. ऑक्टोबर 2015 मध्ये लास व्हेगासला झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या डिबेटनंतर हे लख्ख दिसलं. संकेतस्थळांवरच्या क्लिकांमध्ये व्हर्माँटचे सिनेटर बर्नी सँडर्स कितीतरी पुढे, पाहण्यांमध्ये माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन पुढे. सँडर्सच्या समर्थकांना वाटलं, वाहिनीनं आपला विजय लपवला. तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. एका आकड्यानं उत्साह मोजला होता, दुसऱ्यानं प्रसार. उत्साह खोटा नसतो, पण क्लिकांचा आकडा विकतही घेता येतो. 2014-15 मध्ये असे दोन ऑनलाइन पोल वळवण्यासाठी आपण एका संगणक व्यावसायिकाला काम दिलं होतं, हे एका उमेदवाराच्या माजी वकिलानं 2019 मध्ये स्वतः मान्य केलं. ते प्रयत्न फसले होते, ही गोष्ट वेगळी.

आपल्या बातम्यांत यालाच ‘जनतेचा कौल’ म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. कोकणात देवाला कौल लावताना पाकळ्या कुणी लावायच्या, उजवी पडली तर काय आणि डावी पडली तर काय, हे सगळ्यांदेखत आधी ठरलेलं असतं. बटणाच्या पोलमध्ये यातलं काहीच ठरलेलं नसतं. त्याला ‘क्लिक-मोजणी’ म्हणावं, आणि बातमीत तसंच छापावं.

तिसरी पद्धत हातातल्या यंत्राची. 1930 च्या दशकाच्या अखेरीस रेडिओच्या श्रोत्यांसाठी दोन बटणांचं एक यंत्र निघालं, हिरवं आवडल्याचं आणि लाल नावडल्याचं. त्याचा आजचा वारसदार म्हणजे गोल फिरवायची चकती आणि पडद्याच्या तळाशी वरखाली होणारी रेघ. ती रेघ थोडक्या लोकांच्या हातांतून निघते आणि घरी बसलेले लाखो लोक ती पाहत राहतात. 2010 च्या ब्रिटनमधल्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी 150 जणांना डिबेट दाखवताना ही रेघ मुद्दाम एका नेत्याच्या बाजूनं झुकवली. ज्याच्या बाजूनं रेघ, तोच जिंकला असं पाहणाऱ्यांना वाटलं.

आणि तरीही 2015 मध्ये आकड्यांना व्यासपीठाच्या दारावर बसवण्यात आलं. रिपब्लिकन पक्षाचे सतरा इच्छुक होते. पहिल्या डिबेटच्या वाहिनीनं ठरवलं की अलीकडच्या पाच राष्ट्रीय पाहण्यांची सरासरी काढायची, पहिले दहा रात्री नऊला, उरलेले सात संध्याकाळी पाचला. एकेका पाहणीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होणं गृहीतच असतं आणि दहाव्या-अकराव्यातलं अंतर त्याहून कमी होतं. म्हणजे कुणाला देशानं ऐकायचं, हे एका अर्थी चिठ्ठ्या टाकून ठरलं. पाहण्या करणाऱ्यांनाच हे रुचलं नाही, एका संस्थेनं त्या पक्षाच्या प्रायमरीची पाहणी तात्पुरती थांबवली. न्यू हॅम्पशायरच्या एका वर्तमानपत्रानं निषेध म्हणून तीन दिवस आधी सगळ्यांना बोलावून वेगळी सभा घेतली, चौदा जण आले.

पाच वाजताची डिबेट जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. एवढं मोठं मैदान, समोर ओळीच्या ओळी मोकळ्या खुर्च्या, बोललेला शब्द तसाच विरून जायचा. तरी साठेक लाख लोकांनी ती टीव्हीवर पाहिली आणि त्या सातांतल्या एकमेव महिला उमेदवार, एका संगणक कंपनीच्या माजी प्रमुख, सर्वांच्या नजरेत भरल्या. पुढच्या पाहण्यांत त्या वर चढल्या. पण सप्टेंबरच्या डिबेटचा हिशेब जुलैपासूनच्या पाहण्यांवर होता. क्लीव्हलँडनंतर नव्या राष्ट्रीय पाहण्या मोजक्याच झाल्या होत्या, म्हणून जुने आकडे त्यांना खाली ओढत राहिले. आरडाओरडा झाला, दुसऱ्या वाहिनीनं नियम बदलला आणि 16 सप्टेंबरला व्यासपीठावर अकरा जण उभे राहिले. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेनं दार उघडल्याचं असं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पण नियम वाकवावा लागला, यातच मूळ नियमाची चूक दिसते. 6 ऑगस्टच्या रात्रीच्या डिबेटला सुमारे 2 कोटी 40 लाख प्रेक्षक मिळाले, त्यामुळे वाहिन्यांना हा प्रयोग यशस्वी वाटला.

डेमोक्रॅटिक पक्षानं 2019 मध्ये आणखी एक मोजमाप आणलं: तीन पाहण्यांत एक टक्का किंवा 65,000 देणगीदार. वीस जण पात्र ठरले आणि मायामीत दोन रात्री डिबेट भरली. पुढे उंबरठा वाढत गेला. मग फेब्रुवारी 2020 मध्ये लास व्हेगाससाठी देणगीदारांची अट काढली गेली, त्यामुळे स्वतःच्याच पैशावर लढणारे न्यूयॉर्कचे माजी महापौर आत आले. आधी देणगीदार जमले नाहीत म्हणून बाहेर राहिलेल्यांचा संताप मला रास्त वाटतो. प्रेक्षक मात्र सुमारे 1 कोटी 97 लाख, त्या पक्षाच्या प्रायमरी डिबेटचा तोवरचा उच्चांक. 2023 मध्ये रिपब्लिकन पक्षानंही 40,000 देणगीदारांची अट घातली. नॉर्थ डकोटाच्या गव्हर्नरांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड द्यायला सुरुवात केली आणि ते मिलवॉकीच्या व्यासपीठावर पोचले.

राज्यांच्या पातळीवर हेच लहान प्रमाणात चालतं. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरी डिबेटमध्ये बेळगावात वाढलेले एक मराठी उद्योजक उभे होते, तेव्हा आमच्या गटात चित्रफिती फिरायच्या आणि प्रत्येकाचं मत एकच असायचं, ‘आपला माणूस छान बोलला’. मिशिगनच्या मतदारांनी त्यांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं.

23 ऑगस्ट 2023 ला मिलवॉकीची डिबेट सुमारे 1 कोटी 28 लाख लोकांनी पाहिली. आघाडीचे उमेदवार, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष असलेले डोनाल्ड ट्रम्प, तिथे गेलेच नाहीत. त्याच रात्री त्यांची ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत समाजमाध्यमावर आली आणि तिच्याखाली ‘व्ह्यूज’चा आकडा कोट्यवधींत धावू लागला. तो आकडा ती पोस्ट किती पडद्यांवरून सरकली याचा होता, मुलाखत किती जणांनी पाहिली याचा नव्हता. वाहिन्यांचा आकडा मिनिटागणिक किती जण बसून पाहत होते, याची सरासरी सांगतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले गेले. जानेवारी 2024 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या दोन डिबेट पुरेसे उमेदवार यायला तयार नसल्यानं रद्द झाल्या.