सोलापूरचा मार्शल लॉ : ‘गरज’ कुणी ठरवायची?

लष्कराने रयतेत कुठवर हात घालावा, यावर मराठीतले सर्वांत व्यवहारी टिपण म्हणजे शिवाजी महाराजांचे मे १६७३ मधील, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-वैरण आताच उधळला, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्याकडून दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजी ओरबाडतील. म्हणून बेताने खर्च करा, लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथवर सूचना आहेत. असेच वागलात तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हेही बजावले आहे. उपदेश थोडा, कोठाराचा हिशेब जास्त. लुटीची गरजच पडू नये, हे काम अधिकाऱ्याच्या अंगावर टाकलेले.

सोलापुरात १९३० साली गरज हीच सबब झाली. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला. मंगळवार पेठ चौकीतले दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. पुढचे काही दिवस शहरात पोलीस नव्हते आणि वाहतूक स्वयंसेवक सांभाळत होते. सरकारच्या लेखी ही बेबंदशाही. म्हणून १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला. व्हाइसरॉयचा वटहुकूम मागाहून आला.

ब्रिटिश परंपरेत मार्शल लॉची कलमे कुठे लिहिलेली नव्हती, त्याचा आधार निव्वळ निकड. कसोट्या साध्या : दिवाणी-फौजदारी कोर्टे खरोखर बंद पडली आहेत का, बळ गरजेपुरतेच वापरले का, आणि दंगा शमताच अंमल उठला का? सोलापूर तिसऱ्या कसोटीवर सरळ नापास होते. दंगल थांबल्यावरही अंमल जूनअखेरपर्यंत चालला आणि रोख गांधी टोपी व तिरंग्याकडे वळला. झेंडा मिरवणाऱ्याला शिक्षा करून कुठली जाळपोळ थांबते?

पोलिसांच्या खुनाचा खटला मात्र नेहमीच्या न्यायालयात चालला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

आपल्या घटनेतही मार्शल लॉची व्याख्या नाही. कलम ३४ एवढेच सांगते, की असा अंमल असलेल्या भागात सुव्यवस्था राखण्यासाठी केलेल्या कृत्यांना संसद कायद्याने संरक्षण देऊ शकते आणि तिथे दिलेल्या शिक्षा कायम करू शकते. म्हणजे हिशेब मागायचा तो नंतर, आणि तोही संसदेत.