पुठ्ठ्यावरचा थेंब

चिऱ्यांच्या अंगणात गाडी उभी असली की गळती लवकर कळत नाही. तांबडी माती तेल पिऊन टाकते, उरलासुरला डाग पावसात जातो. म्हणून गोव्यात साखळी गावच्या घरी बाबांच्या जुन्या गाडीखाली मी रात्री कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवते.

एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी सोडून द्या. ती आपल्या दमट हवेतलीच वाफ, थंड कॉईलवर पाणी झालेली. हिरवट किंवा गुलाबी, गुळचट वासाचा थेंब कूलंटचा. तो लगेच पुसा. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेततं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण दाब सुटला की अंगावर उसळतं.

काळपट, बुळबुळीत डाग इंजिन ऑईलचा, आणि तो हमखास फसवतो. वर हेड कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग गळत असतं, तेल मात्र ओघळत खाली चेंबरच्या, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या भांड्याच्या बोल्टवरून ठिबकतं. आपण बोल्ट आवळत बसतो! त्यापेक्षा थंड इंजिन पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, थोडं फिरून या आणि इंजिन बंद करून पाहा. पावडरीवर सर्वांत वर जिथे ओली रेघ दिसेल, गळती तिथली. उष्णता आणि ऑक्सिजनमुळे रबरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जखडतात, पॅकिंग कडक होतं, दाबल्यावर पुन्हा फुगत नाही. ते कितीही आवळलं तरी उपयोग नाही. उलट पत्र्याचं कव्हर वाकतं किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. नवं पॅकिंगच घाला, बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळा. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड हवेतच.

ब्रेक ऑईलची गोष्ट वेगळी, कारण बहुतेक गाड्यांत ते तेल नसतंच. वाटीभर पाण्यात थेंब टाका: इंजिन ऑईल तरंगतं, ब्रेक ऑईल विरघळून जातं. पाण्याची ही ओढ गोव्याच्या पावसाळ्यात महागात पडते. डॉट ३ प्रकारचं नवं ब्रेक ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्याची हमी फक्त १४० अंशांची. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल खोल जातं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी हलवू नका, मेस्त्रीलाच घरी बोलवा. ब्रेक ऑईलच्या डब्यात इंजिन ऑईल तर चुकूनही ओतू नका, ब्रेकची रबरी सीलं त्याने फुगून निकामी होतात.

रंगावर ब्रेक ऑईल सांडलं तर रंग सुटतो. अशा वेळी भरपूर पाणी ओता, तेवढ्यानेच ते धुऊन निघतं.