तुफानी गोल, हंटर सडपातळ: असं का?

भारतीय हवाई दलाकडे १९५०च्या दशकात आलेल्या तुफानी आणि हंटर या दोन विमानांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. तुफानी पिंपासारखं, हंटर शेलाटं. दोन्हींत टर्बोजेटच (हवा दाबून तीत इंधन जाळायचं आणि तापलेला झोत मागे फेकायचा), त्यामुळे इंजिनंही सारखीच असतील असं वाटतं. पण तुफानीतलं नीन आणि हंटरमधलं एव्हन हवा दाबतात ते वेगवेगळ्या रीतीनं.

नीनची रीत विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाची. हवा फिरत्या चाकाच्या मध्याशी शिरते आणि कडेला भिरकावली जाते. एकाच चाकात दाब जवळपास चौपट. म्हणून चाक मोठं, आणि त्यामुळे विमानाचं पोटही मोठं. ही अपकेंद्री जात. ब्रिटनमध्ये जेट इंजिन घडवणाऱ्या फ्रँक व्हिटलचं इंजिन याच जातीचं, आणि १९३९ साली जर्मनीत उडालेल्या पहिल्या जेट विमानाचंही! ‘अपकेंद्री म्हणजे ब्रिटिश, अक्षीय म्हणजे जर्मन’ ही समजूत त्यामुळे तितकीशी खरी नाही.

अक्षीय इंजिनात एकामागे एक पंख्यांची रांग असते. हवा सरळ मागे जाते, प्रत्येक टप्प्यावर थोडीशीच दाबली जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाच्या युमो ००४ इंजिनात असे आठ टप्पे होते, आणि एवढं करून दाब जेमतेम तिप्पट. मग हा खटाटोप कशाला? इंजिन बारीक राहतं, आणि वेग वाढेल तसा वाऱ्याला आडवं येणारं तोंड महाग पडत जातं. शिवाय टप्पे वाढवले की दाबही वाढवता येतो.

युमो दहा ते पंचवीस तासांत निकामी व्हायचं, थ्रॉटल घाईनं पुढे केला तर बंदही पडायचं. याचं खापर सरसकट अक्षीय रचनेवर फोडतात. रचना अवघड होती हे खरं, पण आयुष्य एवढं कमी असण्याचं मोठं कारण निकेल-क्रोमची टंचाई. उष्णता सोसणारा धातूच हाताशी नव्हता.

माझ्या मते त्या काळात पदरी असावं ते अपकेंद्रीच: दणकट, बनवायला सोपं. ब्रिटननं १९४६ मध्ये नीन सोव्हिएत संघाला विकलं (हा व्यवहार त्यांना पुढे चांगलाच भोवला), त्याची नक्कल सोव्हिएत मिग-१५ विमानात बसली, आणि कोरियाच्या युद्धात तिची गाठ अक्षीय जे-४७ इंजिनवाल्या अमेरिकी सेबर विमानाशी पडली. मिगच्या सुधारित इंजिनाचा रेटा साधारण २७०० किलो, सेबरचाही जवळपास तेवढाच. आवाजाचा वेग ओलांडायची वेळ आली तेव्हा मात्र पंख्यांची रांगच जिंकली. आपल्या मारुत या लढाऊ विमानातली ऑर्फियस इंजिनं आणि मिग-२१ चं इंजिन, सगळी अक्षीय.

भिरकावणारं चाक तरीही संपलं नाही. ध्रुव हेलिकॉप्टरच्या शक्ती इंजिनात आजही तशी दोन चाकं एकामागे एक फिरतात.